परत म्हणा, मामा

साहेबानं माह्या हातात पेपर दिला आन् म्हणला, "मामा, जरा वाचून दाखवा."

मी पेपर उलटा धरला. सगळा हॉल हसला. सुलटा धरला असता तरी मला तेवढंच कळलं असतं, पण उलट्या पेपरला हसू जादा येतं. एवढी अक्कल मला हाय.

शहरात उस्मानपुऱ्यातल्या त्या हॉलवर मी चहापाण्याला व्हतो. रोजंदारीवर. शाळेचा असो का हॉलचा, शिपायाला सगळे मामाच म्हणतात. मला सख्खी बहीण नाय, पण भाचे बघा किती. सगळे पगारी. हेडमास्तर लोकांचं ट्रेनिंग तिथंच व्हायचं. शाळेत नवीन काय करावं, लेकरं कशी शिकतात, मोठमोठ्या लोकांनी त्याच्यावर काय शोध लावला, ते पडद्यावर दाखवायचे. दुपारी पुरी-श्रीखंड झालं की हेडमास्तर लोक डुलक्या घ्यायचे. मंग कुणीतरी म्हणायचं, मामाला बोलवा. मी यायचो. पेपर उलटा धरायचो. सही करा म्हणले की अंगठ्याचं टोपण काढल्यावाणी करायचो. लोक जागे व्हायचे. मला उरलेलं श्रीखंड भेटायचं. वाटायचं, इथं शिकवणारे बदलतात, मी कायम हाय.

त्या दिवशीचा साहेब पुण्याहून आलता. नवा. पडद्यावरचा सवाल त्यानंच वाचला, "मूल का शिकत नाही?" आन् माह्याकडं बोट केलं. "आपल्याकडं इथंच एक केस आहे. मामा, तुम्ही का नाही शिकलात?"

मी म्हणलो, "साहेब, मास्तर देवमाणूस व्हता. मीच गाढव. गाढवापुढं देव तरी काय करल?"

लई टाळ्या पडल्या.

साहेब खूश. "वा, मामा. पण मोबाइल चालू नव्हता हो. परत म्हणा. इकडं बघून. आपण हे सगळ्या तालुक्यांत दाखवू."

मी परत म्हणलो.

"हसू नका, मामा. थोडी खंत दिसू द्या. आणि मास्तर फार प्रयत्न करायचे, हे नीट येऊ द्या. हं, परत."

पहिल्यांदा म्हणलं तवा तो माहा इनोद व्हता. परत म्हणताना माह्याच कानाला ती जबानी वाटाया लागली. ठाण्यात घेतात तसली. मास्तर सुटला, गाढव आत.

तेवढ्यात मधल्या रांगेतून एक हेडमास्तर उठला. सिल्लोडकडच्या आमच्या गावच्या शाळेचा. माह्या लेकाची पोरगी त्याच्याच शाळेत चौथीला. तो म्हणला, "सर, यांची नातपण माझ्याकडं आहे. तीही वर्गात टिकत नाही. घरचं वळण."

"अरे वा," साहेब म्हणला. "मग हा तर पिढ्यांचा अभ्यास झाला."

लोक परत हसले. मला हसू फुटायच्या जागी घाम फुटला.

पोरगी वर्गात काहून टिकत नाय, ते मला ठाऊक व्हतं. दिवाळीला तिनंच सांगितलं. "आबा, सर मला रोज वर्गातून बोलवितात. साऱ्या मास्तरांचे कप मीच धुते. सर म्हणतात, तुझा हात साफ आहे." कशी खुशीत सांगत व्हती. आन् मी काय म्हणलो? "चांगलंय, खानदानी धंद्याला लागलीस." सून हसली नाय. मी एकटाच हसलो.

माहंबी असंच. आमचा मास्तर वरच्या आळीचा. प्रार्थना झाली की खालच्या आळीच्या पोरांना कामं वाटायचा. कुणाला गोठा, कुणाला सरपण. मला म्हशी. पाटी मी गव्हाणीत ठेवायचो. एकदा म्हशीनं ती चाटून काढली. घरी येऊन सांगितलं, आज म्हशीनं अभ्यास केला. माय हसली, बाप हसला. तिथून मी इनोदी झालो. एकदा मात्र हट्टानं वर्गात जाऊन बसलो. मास्तर म्हणला, "तू इथं बसलास, तर म्हशींमागं मी जाऊ का?" सगळा वर्ग हसला.

मीबी हसलो. हसत हसत उठलो आन् म्हशींकडं गेलो.

साहेबाचा मोबाइल माह्या तोंडाम्होरं. "हं, मामा."

"नाय म्हणत," मी म्हणलो.

"काय?"

"गाढव नव्हतो मी. शाळेच्या टायमाला मास्तरच्या म्हशी राखत व्हतो. आन् माही नात वर्गात टिकत नाय, कारण ती ह्या सरांचे उष्टे कप धुते. हे घ्या मोबाइलात. दाखवा सगळ्या तालुक्यांत."

मागं एकजण सवयीनं हसला. एकटाच.

साहेबानं मोबाइल खाली केला. "मामा, हे विषयांतर झालं. तुम्ही चहाचं बघा."

लेकरू काहून शिकत नाय, हा विषय. लेकरू कप धुतं, हे विषयांतर. इतक्या शिकल्या माणसाला मी काय सांगावं? किटली तिथंच टेबलावर ठेवली आन् बाहेर आलो.

मागून मॅनेजर आला. "उद्यापासून येऊ नका." त्याच्या मागून हेडमास्तर. लई गोड आवाजात. "आबा, चारचौघांत असं बोलतेत का? नात माझ्याकडंच आहे, ध्यानात ठेवा."

हॉलात मामा, बाहेर आबा.

भ्यालो. खोटं काहून बोलू? जिन्यातच बसलो. आता हा हेडमास्तर पोरीला मारल, कोपऱ्यात बसवल, तिचं नाव खराब करल. वाटलं, वर जावं, पेपर उलटा धरावा, सगळे हसतील, मिटून जाईल. असं मिटवायचा मला जिंदगीभराचा सराव. पण आत्ता मी हसलो, तर पुढं ती हसल. माह्यासारखी. हसत हसत उठल आन् कपाकडं जाईल.

सकाळच्या एसटीनं सिल्लोड गाठलं, तिथून गाव. शाळेच्या दारात बसलो. प्रार्थना झाली. जरा वेळानं पोरगी ट्रे घेऊन नळाकडं निघाली. मी तो हातातून काढून घेतला.

"वर्गात जा."

"आबा, सर रागवतील."

"रागवू दे. तू जा."

उष्टे कप तसेच नेऊन हेडमास्तरच्या टेबलावर ठेवले. दोन मास्तर तिथंच बसले व्हते. हेडमास्तर म्हणला, "या मामा. आज इथं कार्यक्रम का?"

"कार्यक्रम बंद, सर. जो पिईल त्यानं धुवावं. माह्या नातीला परत बोलवायचं नाय."

मास्तर लोक हसले. मी नाय हसलो. मी हसलो नाय की लोकांचं हसू लांबत नाय, हे मला ह्या वयात कळलं.

आता मला काम नाय. सगळा दिवस मोकळा. शाळा भरली की मी दारात, सुटली की घरी. तिथून नळ बराबर दिसतो. आतून एखादा मास्तर आवाज देतो, "मामा, करमत नाय, काही तरी सांगा की." मी नुसता बघतो.

पोरगी कपासाठी वर्गाबाहेर निघाली, की मी उठणार. मेलो तर उठणार नाय, एवढंच.