कोकोखालचा पाला

टाकवे बुद्रुकचे भिकाजी ओव्हाळ हे भातशेतीत आयुष्य गेलेले, शिस्तीचे गृहस्थ. त्यांच्या घरामागे, फणसाच्या सावलीत, कोकोची मोजकीच झाडे आहेत. ती त्यांचा मुलगा सुरज याने लावली. तो लोणावळ्यात ज्योत्स्नाबाईंच्या चॉकलेटच्या कारखान्यात कामाला होता. झाडे कमरेइतकी झाली, आणि सुरज घाटातील अपघातात गेला.

सुरज कामावरून नेहमी मागच्या वाटेने घरी येई. तो गेल्यानंतर, संध्याकाळी झाडांखालचा वाळका पाला वाजला, की त्याच्या आई सरूबाई दारात जाऊन उभ्या राहत. नवऱ्याला म्हणत, "त्यो आलाय, पन फुडं येत न्हाई."

भिकाजी रोज पाला झाडून काढू लागले. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजावी लागते. त्या राबाला तो पाला कामी येई. आवाज थांबला. पुढे झाडे फुलली, परंतु खोडावरची फुले दर हंगामात गळून जात. एकही फळ धरेना. मुलाच्या हातची झाडे वांझ राहावीत, हे भिकाजींना सहन होईना.

म्हणून ज्योत्स्नाबाई कोकोच्या बिया पाहण्यास अंदमानच्या एका बेटावर निघाल्या, तेव्हा तेही बरोबर गेले. तेथील लहान लहान मळ्यांत घोटा बुडेल एवढा पाला कुजत पडला होता. भिकाजींनी चटकन झाडू मागितला, तसा मळेकरी हसला.

"आबा, ते म्हणतात, पाला उचलायचाच नाही," ज्योत्स्नाबाईंनी सांगितले. "या फुलांवर येणारी चिलटं त्यातच वाढतात. ती नसली तर फळ धरत नाही."

"म्हंजी दरसाल आमी फळंच भाजली की वो!"

घरी परतल्यावर त्यांनी हे पत्नीस सांगितले.

"आन पाला पुन्यांदा वाजला तर?"

"वाऱ्यानं वाजतोय, सरू. भूतबित आपन मानत न्हाई."

"मानत न्हाईच. पर ऐकू येतंय, त्येचं काय?" मग त्याच म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या पाला. त्याच्या झाडाला फळ येऊ द्या."

या वर्षी फळे धरली. ती पिवळी झाल्यावर भिकाजी कोयता घेऊन झाडांत शिरले. पायांखाली पाला वाजला, आणि घरातून सरूबाईंची हाक आली, "आलास का रं सुरज? ये की फुडं."

भिकाजी कोयता धरून जागीच उभे राहिले. मागे फिरावे, तरी पाला पुन्हा वाजणारच होता.

पुढे मी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा फळे झाडांवरच काळी पडत होती. ती तोडण्यास झाडांखाली कोणी जात नव्हते.