गड्याचा सोमवार

गेल्या श्रावणातला तिसरा सोमवार. सकाळपासून मी चादरींना इस्त्री करत होते. वरच्या दोन खोल्या आम्ही शनिवार-रविवारी पाहुण्यांना देतो. लोणावळ्याच्या पावसात चादर वाळत नाही, फक्त कमी ओली होते. मधल्या खोलीत दोऱ्या बांधायच्या, पंखा लावायचा आणि उरलेली ओल इस्त्रीने काढायची.

सासूबाई शेजारी कॉटवर बसून काकडी सोलत होत्या. काकडी त्यांच्या उपासाच्या कोशिंबिरीला, सालं गड्याला. गडी म्हणजे आमचा गिनीपिग. मुलगी नर्सिंग शिकायला पुण्याला हॉस्टेलवर गेली आणि तो आमच्याकडे राहिला. तिने त्याला एक इंग्रजी नाव दिलं होतं, ते सासूबाईंच्या तोंडी कधी बसलं नाही. त्या सुदुंबरे गावच्या. सुरुवातीला त्यांनी त्याला घूसच म्हटलं, मग कधीतरी तो गडी झाला. आता दुपारच्या मालिका दोघं मिळून बघतात. मालिकेतल्या सुनांबद्दल त्या जे बोलतात ते तो ऐकून घेतो, मी घेत नाही.

काकडीवर सुरी फिरली की गडी जाळीला पुढचे पाय लावून उभा राहतो आणि शिट्ट्या मारतो. त्या दिवशी शिट्टी आली नाही. साल नाकापुढे पडलं तरी तो अंग फुगवून कोपऱ्यात बसून राहिला.

“आगं, बघ की,” सासूबाई म्हणाल्या. “त्यानं बी सोमवार धरलाय.”

“बरंय. घरात कुणीतरी तुमचं ऐकतं.”

“तुज्यापरीस शाना हाय त्यो.”

आम्ही हसलो आणि मी पुढची चादर घेतली. त्या हसण्यात अर्धा दिवस गेला. आमच्याकडे पोट बिघडलं की लंघन. माझ्या आईने मला तसंच वाढवलं, सासूबाईंनी त्यांच्या मुलांना, मी माझ्या मुलीला. एक वेळ जेवू नकोस, गरम पाणी पी, झोप. त्यामुळे न खाणं हा आजार असू शकतो असं आम्हा दोघींच्या डोक्यातच आलं नाही. आमच्या लेखी ते औषध होतं.

दुपारी पिंजरा झाडायला घेतला तेव्हा खालचा कागद जवळजवळ कोरा होता. एरवी लेंड्यांनी सुपली भरते. आज चार-दोन, त्याही बारीक आणि सुकलेल्या. आदल्या दिवशी घातलेलं गवतही तसंच पडलेलं. मी मुलीला फोन लावला.

“कधीपासून खात नाही?”

“सकाळपासून. कदाचित रात्रीपासून.”

“आई! आणि तू आत्ता सांगतेस?”

“इस्त्री करत होते.”

“ते माणसासारखं नसतं गं. त्याचं पोट थांबू द्यायचंच नाही. डॉक्टरांकडे ने, आत्ता. आणि खातो ते गवत थोडं बरोबर घे.”

मग तिने मला समजावलं. हा प्राणी दिवसरात्र थोडं थोडं खातो. नवं अन्न जुन्याला पुढे ढकलतं. खाणं थांबलं की आतडी थांबतात, गॅस धरतो, दुखतं, आणि दुखतं म्हणून तो आणखी खात नाही. अशाने एक-दोन दिवसांत खेळ आटोपतो.

मी भाजीच्या टोपलीत टॉवेल अंथरला, शेजारी गरम पाण्याची पिशवी गुंडाळून ठेवली आणि गड्याला उचललं. सासूबाई दारात आल्या.

“डॉक्टर कशापायी? एक दिस पोट मोकळं ऱ्हाऊ दे की.”

“आत्या, त्याचं पोट मोकळं राहिलं तर तो मरेल.”

त्या दारातून बाजूला झाल्या.

आमचे डॉक्टर मुख्यतः कुत्र्यांचे आणि गुरांचे. गिनीपिग क्वचितच बघतो, असं त्यांनी सरळ सांगितलं, आणि इंजेक्शन भरण्याआधी पुण्यातल्या मित्राला फोन करून विचारून घेतलं. त्यामुळे माझा विश्वास वाढलाच. त्यांनी वजन केलं, टॉर्च लावून दात बघितले, पोट चाचपलं. दात ठीक होते. मग मी नेलेलं मूठभर गवत त्यांनी हुंगलं आणि माझ्या नाकापुढे धरलं. बुरशीचा वास. गावाकडून आलेलं गवताचं पोतं मधल्या खोलीतच होतं, जिथे मी ओल्या चादरी लावते. त्यांनी एक इंजेक्शन दुखण्यावर दिलं, एक आतडी चालण्यासाठी. मग म्हणाले, दुकानात मिळतात त्या त्याच्या खाद्याच्या गोळ्या भिजवून, लगदा करून बिनसुईच्या सिरिंजने भरवा, थोडं थोडं पण सारखं. अंग गरम ठेवा. घरातलं कुठलंही माणसाचं औषध देऊ नका. पोट टम्म झालं किंवा मान टाकली तर भरवत बसू नका, तसाच घेऊन या.

घरी आले तर दिवेलागण झाली होती. वालाची उसळ, वरणभात, खीर सगळं तयार होतं. सासूबाई पानावर बसल्या नव्हत्या.

“आत्या, सोमवार सोडा. गोळी घ्यायचीय.”

“त्यो खाईल तवा सोडीन.”

त्यांना शुगर आहे. दिवसभराच्या उपासानंतर असा हट्ट म्हणजे चक्कर येऊन पडायची तयारी.

“मला दोन पेशंट नकोत.”

“मंग त्याला खाऊ घाल.”

“तुम्ही धरा. तुमच्याकडेच गप्प बसतो तो.”

त्यांनी गड्याला टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर घेतलं, डोकं तेवढं बाहेर. मी सिरिंज ओठाच्या कडेने, पुढच्या दातांच्या मागे सरकवली. पहिला घास सासूबाईंच्या लुगड्यावर आला.

“थुकला मेला.”

“पुन्हा देते.”

“कोंबू नगं गं. चावू दे आदी. त्याला काय गाडी गाठायचीय?”

बरोबर होतं. मी थांबले. दुसरा थेंब त्याने तोंडात धरून ठेवला आणि मग त्याचा जबडा हलायला लागला.

“गिळलं! गिळलं बघ!”

“आता तुम्ही.” मी ताट शेजारी आणूनच ठेवलं होतं.

“येका घासात काय व्हतंय? त्याला आजून दे.”

शेवटी ठरलं, एक त्याला आणि एक त्यांना. त्यांचे दोन्ही हात गड्यात गुंतलेले, म्हणून वरणभाताचा घासही मीच भरवला. एवढ्यात नवरा कंपनीतून आला आणि दारातच थबकला.

“हे काय चाललंय?”

“उपास सोडतोय.”

“दोघांचा?”

“तुमचं ताट झाकून ठेवलंय. वाढून घ्या.”

सासूबाईंची गोळी पोटात गेली, गड्याच्या पोटात दोन-तीन चमचे लगदा. झोपायच्या आधी पुन्हा एकदा भरवलं. पिंजरा सासूबाईंच्या खोलीत, ओल नसलेल्या भिंतीशी नेला.

“जगंल न्हवं?” त्यांनी विचारलं.

“सकाळी कळेल,” मी म्हटलं. माहीत नसलेलं सांगायची मला सवय नाही.

सकाळी चहा ठेवण्याआधी पिंजऱ्याशी गेले. कागदावर लेंड्या होत्या. लहान, वेड्यावाकड्या, पण चांगली ओळ होती. घाण बघून मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. कोथिंबिरीची काडी पुढे केली तर ती त्याने माझ्या हातातून ओढून घेतली.

“काय गं?” सासूबाई पांघरुणातून म्हणाल्या. त्या जाग्याच होत्या.

“केलीय त्याने. भरपूर.”

“बरं झालं बाई.”

गवताचं पोतं मी मागच्या खड्ड्यात रिकामं केलं आणि गावी फोन करून दुसरं सुकं गवत मागवलं. सासूबाईंना उपमा करून दिला आणि त्या खाईपर्यंत समोर बसले. मग गड्याला टोपलीत घातलं आणि पुन्हा डॉक्टरांकडे गेले, कारण त्यांनी दुसऱ्या दिवशी दाखवायला सांगितलं होतं. या वेळी टोपली सासूबाईंनी धरली. मी फक्त रिक्षा थांबवली.