हरलेली कबड्डी
नवऱ्याने ओल्या हाताने माझी पाटी पुसली. "जिंकलो काहून लिवलं? हारलो आमी." उकव्याच्या मँगनीज खाणीवरच्या बायका कबड्डी पाहायला जात नसत. मी एकटी घरात बसून मैदानावरचा ओरडा ऐकायचे आणि सामना मनानेच पाटीवर लिहायचे. "मले वाटलं, तुमी जिंकले म्हणून ओरडून राह्यले." "मले पाडलं म्हणून ओरडले," तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून पडला. मी पुन्हा लिहायला बसले. पाच जण त्याच्या पाठीवर बसवले, हात रेघेपर्यंत पोचू दिला नाही, तोंडात काळी धूळ घातली. त्याला जिंकवताना अशी मजा कधी आली नव्हती. ओल्या पाटीचा वास आला की अजून तो सामना आठवतो. पाटीवरचा तो सामना माझ्याशिवाय कोणी वाचला नाही.