कुजबुजबाईंचा माऊस

उजेडरावांचं खरं नाव विचारलं असतं तर नाटक कंपनीतल्या निम्म्या नटांची पंचाईत झाली असती. रंगमंचावर दिवे लावणारा माणूस, म्हणून उजेडराव. हे नाव कुणी ठेवलं ते कुणालाच आठवत नाही, पण चिकटलं ते असं की लग्नानंतर सासरच्या मंडळींनीही तेच उचललं. बायकोचा धाकटा भाऊ तर पहिल्याच भेटीत म्हणाला होता, "भाऊजी, आमच्या ताईशी लग्न करून तुम्ही काय उजेड पाडताय ते बघतोच मी!"

ताई म्हणजे कुजबुजबाई, कंपनीच्या प्रॉम्प्टर. विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर नाटकाची वही उघडी ठेवायची आणि नटाची जीभ अडखळायच्या आत पुढचा शब्द त्याच्या कानात टाकायचा. त्यांचा आवाज पहिल्या रांगेला कधी ऐकू गेला नाही आणि नटाला ऐकू आला नाही असं कधी झालं नाही. भलेभले नट प्रेक्षकांसमोर छाती काढून गर्जत, पण एक कान त्यांचा विंगेकडे असे.

एकदा ऐन शेवटच्या अंकात वीज गेली. मिट्ट काळोख. उजेडराव मेनच्या बोर्डाकडे चाचपडत धावले, वाटेत खुर्चीला अडखळून पडले. नट जागच्या जागी थिजलेले. तेवढ्यात विंगेतून ती कुजबूज सुरू झाली, एकेक वाक्य, सावकाश, जणू काही घडलंच नाही. काळोखात वही दिसायची सोय नव्हती, म्हणजे बाईंना सगळं नाटक पाठ होतं. नटांनी धीर धरला, प्रवेश पुढे सरकला. दिवे आले तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. लोकांना वाटलं, अंधार नाटकातलाच. उजेडराव मात्र गुडघा चोळत बोर्डापाशी उभे होते आणि मनाशी म्हणत होते, हा आवाज आपल्या घरात पाहिजे.

आला तो घरात. संसारभर पुरला. आणि मग नेमका तोच गेला.

आधी शब्द जड झाले, मग बोबडे, मग नुसता श्वास उरला. मग पाय गेले, मग हात. डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक नाव सांगितलं. उजेडरावांनी आपल्या परीनं समजून घेतलं ते एवढंच, की एकेक दिवा मंद होत जाणार आहे आणि डिमर आपल्या हातात नाही.

धाकट्या मेहुण्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. त्यानं पलंगाशी एक स्क्रीन बसवून दिला. त्यावर शब्दांचा तक्ता. एक पिवळी चौकट एकेका शब्दावरून आपोआप पुढे सरकायची. बाईंच्या उजव्या हाताची तर्जनी तेवढी शाबूत होती. तिच्याखाली बिनवायरचा माऊस पट्टीनं बांधलेला. हव्या त्या शब्दावर चौकट आली की बोटानं टक् करायचं, मग यंत्रातली कुणी परकी बाई तो शब्द मोठ्यानं म्हणायची. बाईंनी जुळवलेलं पहिलं वाक्य होतं, "ही माझी सवत."

धाकटा इतका हसला की त्याला ठसका लागला. उजेडरावही हसले, आणि हसता हसता स्वयंपाकघरात निघून गेले. तेव्हापासून त्या आवाजाचं नाव सवत. बाईंचं प्रत्येक बोलणं 'अहो'नं सुरू व्हायचं, म्हणून धाकट्यानं 'अहो' हा शब्द तक्त्यात अगदी पहिला ठेवला होता.

परवा संध्याकाळी उजेडरावांनी माळ्यावरून नाटकातला एक लहान स्पॉटलाइट काढला. पुसला, वायर बदलली, कपाटावर बसवला आणि झोत थेट पलंगावर सोडला. आता स्वयंपाकघरात भांडी घासतानाही त्यांना बाईंचा चेहरा दिसणार होता. "जन्मभर विंगेत अंधारात बसलीस," ते म्हणाले, "आता घे नायिकेचा उजेड!" स्वतःवरच बेहद्द खूश होते.

काल सकाळी त्यांनी पुन्हा तो स्पॉट लावला आणि चहा गाळायला वळले. पाठीमागून सवत बोलली.

"अहो." मग बऱ्याच वेळानं, "तो."

"कोण तो?" त्यांनी गाळणी तशीच धरून विचारलं.

ते बाहेर आले. पिवळी चौकट सगळ्या तक्त्यावरून फिरून पुन्हा पहिल्या शब्दावर आली, पुन्हा निघाली. बाईंचं बोट माऊसवर होतं, पण टक् होत नव्हतं.

दिवा लागला नाही तर कसं बघायचं, हे उजेडरावांच्या रक्तात होतं. आधी बल्ब, मग होल्डर, मग वायर, मग बटण, शेवटी मेन. त्याच क्रमानं ते माऊसच्या मागे लागले. सेल बदलले. कॉम्प्युटरच्या पाठीमागे खोचलेला नखाएवढा रिसीव्हर काढून, फुंकून पुन्हा लावला, मग दुसऱ्या खाचेत लावला. सगळं बंद करून चालू केलं. माऊस आपल्या हातात घेऊन दाबला. टक्.

"पाणी," सवत म्हणाली.

"चालतोय की!" त्यांनी तो शब्द पुसला आणि माऊस परत बाईंच्या बोटाखाली बांधला. चौकट फिरत राहिली. पुन्हा स्वतःच्या हातात घेतला. टक्. "उशी," सवत म्हणाली. पुन्हा बाईंना दिला. काही नाही. दिवसभर हेच. स्क्रीनवर ते दोनच शब्द: अहो, तो. बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांनी ते रुमालानं टिपलं आणि म्हणाले, "रडू नकोस गं. लूज कॉन्टॅक्ट आहे. सापडेल."

आज सकाळी धाकटा हजर झाला.

"काय भाऊजी, काय उजेड पाडलात?"

"मी हातसुद्धा लावला नव्हता. बोलता बोलता बंद पडला. माझ्या हातात चालतो, हिच्या हातात चालत नाही. लूज कॉन्टॅक्ट."

"अहो, त्याला वायरच नाही, कॉन्टॅक्ट कसला लूज होतोय?"

"आत असेल. उघडून बघ. शहाणपणा नंतर शिकव."

"सवत रुसली वाटतं, ताई?" धाकट्यानं स्टूल ओढलं आणि स्क्रीनकडे पाहिलं. "अहो, तो... हे माझ्याबद्दलच चाललं होतं. तो गाढव अजून कसा आला नाही, हो ना?"

"तुझं काय कौतुक!" उजेडराव म्हणाले. "मला ठाऊक आहे ती काय म्हणत होती. तो प्रयोग! वीज गेली होती तो. होय ना गं?"

बाईंच्या डोळ्यांना पुन्हा धार लागली.

"बघ!" ते धाकट्याकडे वळले. "बरोबर ओळखलं की नाही? रात्रभर मला तेच वाटत होतं. तिला त्या रात्रीचं काहीतरी सांगायचंय. ते ऐकायचंय मला, एवढा माऊस चालू करून दे. मग वाटेल ते बोल मला."

धाकट्यानं माऊस उघडला, तपासला, बंद केला. बाईंच्या बोटाखाली ठेवला. मग खाली वाकून, गाल जवळजवळ गादीला टेकवून, तो बराच वेळ नुसतं त्या बोटाकडे बघत राहिला. उठला तेव्हा त्याच्या तोंडावरची थट्टा पार पुसली गेली होती.

"माऊसच गंडलाय, भाऊजी," तो म्हणाला. "बटण कडक झालंय. दुकानात हलक्या बटणाचा आहे, आणतो."

"मी म्हणत नव्हतो?" उजेडराव जिंकल्यासारखे म्हणाले.

दुपारी तो नवा माऊस घेऊन आला. "नुसती फुंकर मारली तरी दाबला जाईल," म्हणाला, पण ताईकडे न बघता. बांधला. चौकट निघाली, फिरली, परत आली. पुन्हा निघाली.

"हाही पीस खराब," धाकटा म्हणाला. "हल्ली मालच भिकार येतो." त्यानं ताईच्या पावलांवरची चादर उगाच नीट केली, "येतो गं," म्हणाला आणि जिना उतरला.

जाताना एकही टोमणा नाही, हे उजेडरावांना खटकलं. ते खिडकीशी गेले. खाली धाकटा हेल्मेट घालून स्कूटरचं हँडल धरून उभा होता. स्कूटर चालू करत नव्हता. आता हिचंही काही बिघडलं की काय, असं उजेडरावांच्या मनात आलं, आणि मग त्यांना त्याचे खांदे हलताना दिसले.

बल्ब झाला. होल्डर झाला. वायर झाली, बटण झालं.

ते परत पलंगाशी आले. गुडघा दुखत होता तरी खाली बसले. माऊसची पट्टी सोडली आणि बटण व बाईंची तर्जनी यांच्यामध्ये आपलं बोट सरकवलं.

"दाब बघू," ते म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. कपाळावर बारीक आठी उमटली, श्वास अडकला, मानेची शीर ताठ झाली. सगळं बळ एकवटून त्या दाबत होत्या, हे एखाद्या आंधळ्यालाही कळलं असतं. उजेडरावांच्या बोटाला मात्र काहीच कळलं नाही. नुसती ऊब.

"पुन्हा."

पुन्हा आठी, पुन्हा शीर. पुन्हा नुसती ऊब.

"बास," ते म्हणाले. "बास झालं. दमलीस."

मग बोट तसंच ठेवून ते रडले. नाटकात रडतात तसं नाही, नाटकातलं रडणं शेवटच्या रांगेपर्यंत पोचावं लागतं. हे पलंगापलीकडेही गेलं नसतं.

बाहेर अंधारून आलं तेव्हा त्यांनी नाक पुसलं आणि स्टूल ओढलं. "हे बघ, त्या सवतीला दे सोडून. मी वाचतो. तुझा शब्द आला की डोळे मिटून धर. चालेल?"

बाईंनी डोळे मिटले, उघडले.

"तर... अहो, तो. पुढं. प्रयोग?" प्रयोग हा शब्द तक्त्यात नव्हता तरी त्यांनी आधी तोच म्हटला. बाई टक लावून बघत राहिल्या. "प्रयोग नाही? बरं." ते तक्ता वाचू लागले. "पाणी. उशी. कूस. खिडकी. दुखतंय. पंखा. दिवा."

बाईंनी डोळे घट्ट मिटले.

"दिवा? अहो, तो दिवा?" त्यांना उमगेना. ते पुढे वाचत गेले. "लाव. उघड. बंद."

पुन्हा घट्ट मिटले.

दिव्यांची मांडणी झाली की उजेडराव पूर्वी प्रत्येक नटाच्या जागी स्वतः उभं राहून बघायचे. झोत कुणाच्या डोळ्यांत जात असेल तर ते तिथं गेल्याशिवाय कळत नाही, असं हाताखालच्यांना बजावायचे. आता ते उठले आणि बाईंच्या शेजारी आडवे झाले. त्यांच्याच उशीवर डोकं ठेवलं आणि वर पाहिलं. कपाटावरचा स्पॉट थेट डोळ्यांत. पांढरा जाळ. मिटल्या पापणीतूनही शिरणारा. मान हलवता न येणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत, दोन दिवस.

त्यांनी उठून तो विझवला. वायर ओढून काढली, तरी हात थांबेनात, स्पॉटच उतरवून तोंड भिंतीकडे करून ठेवला. खोलीत स्क्रीनचा निळसर उजेड तेवढा राहिला. बाईंच्या कपाळाची आठी हळूहळू सुटली. डोळ्यांतलं पाणी थांबलं.

"सांगितलं असतंस तर..." ते म्हणाले, आणि पुढचं वाक्य त्यांना सुचलं नाही. एरवी सुचलं नाही की बाई द्यायच्या.

ते स्टुलावर बसले. "आणखी काही हवंय? पहिल्यापासून वाचू?"

बाईंनी होकार दिला. उजेडराव पुढे वाकले. आवाज खाली आणला, विंगेतून द्यावा इतका, फक्त एकाला ऐकू जाईल असा.

"अहो," त्यांनी वाचलं.

बाईंनी डोळे मिटले.

ते थांबले. पुढचा शब्द वाचला. त्या नुसत्या बघत राहिल्या. त्यापुढचा वाचला. सगळा तक्ता संपला, एकाही शब्दाला पापणी लवली नाही. पिवळी चौकट पुन्हा पहिल्या शब्दावर आली.

"अहो," उजेडराव कुजबुजले.

बाईंनी डोळे मिटले.

"काय गं?" ते म्हणाले.