बंद दारामागचा लाल रंग

तमिळनाडूतल्या दारासुरम्‌ गावी विणकरांच्या गल्लीतून मी रोज कामाला जातो. सकाळी तिथे रेशमाचे उभे धागे रस्ताभर ताणतात. धरायला शेजारी येतात आणि बोलता बोलता एकमेकांच्या कामातलं नवंजुनं कळतं. टोकाच्या घरातला, रंगाने नखं लाल झालेला हातमागांचा मालक मात्र उंबऱ्यावरूनच बघतो. धागे सैल पडले की त्याचा हात आपसूक पुढे होतो आणि तो मागे घेतो.

विचारू नये, पण एकदा विचारलंच. तो तमिळमध्ये म्हणाला, "लाल काठाचा रंग पांढऱ्या साडीत उतरू नये, याची युक्ती मला सापडली, सर. कुणी शिकू नये म्हणून दार लावून रंगवू लागलो. मग मला बघून शेजारीही गप्प व्हायचे. माग हलका चालवायची सोय गल्लीभर झाली, माझ्याकडे सगळ्यांत शेवटी आली. तोवर माझे विणकर त्या हलक्या मागांवर निघून गेले होते. माझं बाहेर गेलं नाही, खरं. पण बाहेरचंही आत आलं नाही."

आता त्याचं दार दिवसभर सताड उघडं असतं. रंगाचं पातेलं रस्त्यावरून दिसतं. शेजारी मात्र तिथून जाताना अजून जुन्या सवयीने मान वळवतात.