दिवसा पसरलेलं अंथरूण

मी नायगाव सोडलं त्या दुपारी खाली टॅक्सी उभी होती आणि आमचा अख्खा मजला चाळीच्या दारात उतरला होता. कुणी बॅगा डिकीत कोंबत होतं, कुणी पासपोर्ट घेतलास का म्हणून तिसऱ्यांदा विचारत होतं. शेजारचे परबकाका टॅक्सीवाल्याला विमानतळाचा रस्ता समजावत होते, जसा काही तो आजच मुंबईत आला होता. आई तेवढी खाली आली नाही. गॅलरीतही दिसली नाही. मला राग आला, मग वाईट वाटलं, मग टॅक्सी सुटली. दोन दिवसांनी धाकट्या भावाने, दिनूने, फोनवर सांगितलं की ती आत माझी वळकटी बांधत बसली होती. गोधडी, चादर, उशी सगळं गुंडाळून, जुन्या साडीच्या पट्टीने आवळून तिने ते माळ्यावर टाकलं होतं.

आता चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिलाय आणि चाळीचं मंडळ जुन्या आठवणींची स्मरणिका काढतंय. "तू सगळ्यात लांब गेलास, तू लिही," असं दिनू म्हणाला. एकोणीस वर्षं मी अ‍ॅडलेडला आहे आणि खरं सांगायचं तर लिहिण्याचाच काय, कसलाच उत्साह उरलेला नाही. घर आहे, गाडी आहे. शनिवारी लॉन कापायचं, कचऱ्याचे बिन रस्त्यावर नेऊन ठेवायचे, की पुन्हा सोमवार हजर. लेक शिकायला सिडनीला गेली. बायको, सीमा, नर्स आहे. तिच्या शिफ्ट आणि माझं ऑफिस यांतून आमची गाठ पडते ती रविवारी. एवढ्या वर्षांत मी चारदा घरी आलो. बाकी दर गणपतीला फोनवर "पुढच्या वर्षी नक्की" म्हणत राहिलो. माझ्यासारखे जे बाहेर पडले त्यांना हे सांगायला नको. जे तिथे राहिले त्यांनी आमच्या फोटोंवर जाऊ नये, एवढंच.

आमच्या एका खोलीत आम्ही सहा माणसं. आईचा नियम एकच, दिवसा अंथरूण दिसता कामा नये. उजाडलं की तिची हाक यायची, "उठा रे, वळकटी बांधा. लोकांनी बसाचा खंय?" आम्ही मालवणी, घरात तीच भाषा; खंय म्हणजे कुठे. आणि लोक म्हणजे कोण, तर कुणीही. दळणाला निघालेली शेजारीण, गावाहून काजू घेऊन आलेला मामा, नुसताच पेपर वाचायला येणारा परबकाकांचा सासरा. एकदा मी तापाने फणफणलो होतो, तर तिने मला भिंतीकडे सरकवून उरलेलं अर्धं अंथरूण गुंडाळलं होतं. तेव्हा फार चिडायचो मी. स्वतःची खोली, स्वतःचा पलंग, वाटेल तेव्हा लोळता येईल असा, हे माझं त्या वयातलं सगळ्यात मोठं स्वप्न होतं. ते पूर्ण झालं.

चाळ रिकामी करायची वेळ आली तेव्हा दिनू बायकोमुलांना घेऊन परळला भाड्याच्या जागेत गेला आणि मी आईला इकडे आणलं. नवी इमारत उभी राहीपर्यंत, असं सगळ्यांना सांगितलं. मनात मात्र तिला कायमची ठेवायची होती. चौऱ्याहत्तर वर्षांची आई, वडील जाऊन सहा वर्षं झालेली, आणि मी पुन्हा किती वेळा जाणार होतो? तिच्या कायम राहण्याचे कागद मी एजंटकडून भरून आणले. फक्त तिची सही हवी होती. ती म्हणायची, "बघूया." पाच महिने ते पाकीट फ्रिजवर पडून होतं. पाहुण्यांच्या खोलीतला पलंग तिने वापरला नाही. खाली पातळ गादी घालून झोपायची, आणि सकाळी मी चहाला उठायच्या आत ती गादी गुंडाळून, पट्टीने बांधून भिंतीला टेकवलेली असायची. तिला इथे करमेना हे मला दिसत होतं, पण बघायचं नव्हतं.

तिला जरा बरं वाटेल म्हणून एका रविवारी आम्ही तासाभराच्या अंतरावरच्या एका छोट्या गावाला गेलो. सीमाची नेमकी ड्युटी होती, त्यामुळे दोघंच. सगळीकडे द्राक्षांच्या रांगा, दगडी चर्च, एकच मोठा रस्ता आणि दर दोन पावलांवर वायनरी. आई गाडीतून बघत राहिली. "सगळो गाव दारू गाळता? मगे पोलीस काय करतत?" नायगावच्या पोलीस क्वार्टर्सशेजारी उभा जन्म काढलेल्या बाईला हा प्रश्न पडणारच. एका वायनरीत लोक घोटभर वाइन तोंडात घोळवून बादलीत थुंकत होते, ते पाहून ती मला म्हणाली, आपण जाऊया, हेंका आवडलेली दिसत नाय.

गावाच्या टोकाला पहिल्या वसाहतवाल्यांची झोपडी जपून ठेवली आहे. जर्मनीहून महिनोन्महिने जहाजाने आलेली माणसं; द्राक्षाच्या पहिल्या वेली त्यांनीच लावल्या. एकच खोली, मातीच्या भिंती, एका कोपऱ्यात चूल, एका कोपऱ्यात लाकडी बाज, आणि पर्यटकांनी आत जाऊ नये म्हणून मध्ये जाड दोरी. जुन्या पद्धतीचा एप्रन घातलेली एक म्हातारी बाई माहिती सांगत होती. इथे नऊ माणसं राहत, असं ती म्हणाली तेव्हा सगळे पर्यटक हळहळले. आईने खोलीवरून नजर फिरवली. "खोली बरी मोठी आसा," ती म्हणाली.

मी भिंतीवरचा मजकूर वाचत होतो. मागे एकदम शांतता झाली म्हणून वळून पाहिलं, तर चपला उंबऱ्याबाहेर काढून, दोरीखालून वाकून आई आत गेली होती आणि बाजेवरची गोधडी घडी घालत होती.

"आई! अगं म्युझियम आहे ते!"

"दिवसाचा अंथरूण पसरून ठेवल्यानी हा," ती हात न थांबवता म्हणाली. "लोकांनी बसाचा खंय?"

मी त्या बाईंची पाच वेळा माफी मागितली. आई काय म्हणाली ते त्यांनी विचारलं, मी सांगितलं. त्या हसल्या. म्हणाल्या, तुमच्या आईचं बरोबर आहे. या घरातली बाई माझी खापरपणजी. ती दिवसा अंथरूण उचलायची आणि बाजेच्या फळीवरच पीठ मळायची. फोटोत चांगलं दिसतं म्हणून आम्ही पसरून ठेवतो. आणि त्यांनी ती घडी तशीच राहू दिली.

आईने मला हलवलं. "तिका इचार, त्या बायेन परत कधी आपलो गाव बघल्यान काय?"

मी विचारलं. त्या बराच वेळ बोलल्या. खापरपणजी तेविसाव्या वर्षी आली, वरच्या टेकडीवर तिला पुरलं आहे. जर्मनीतल्या आपल्या आईला दरवर्षी पत्र लिहायची, पुढच्या वर्षी येते. शेवटचं पत्र न उघडता परत आलं. मी आईला म्हटलं, "नाही गेली."

गाडीत बसल्यावर तिने पट्टा लावला आणि विचारलं, "ती एवढा बोलली आणि तू दोनच शब्द सांगलंस?"

मग मी सगळं सांगितलं. रस्त्याकडे बघत सांगितलं, कारण तिच्याकडे बघणं मला जमणार नव्हतं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तिची आवस वाट बघीत रवली असतली." आणि थोड्या वेळाने, "माका धाड परत. पुढच्या वर्षी म्हणू नको. आताच."

"कुठे जाणार? चाळ पाडलीय, आई. खोली नाही राहिली."

"माणसा आसत थंय. बसाक येतत."

मला खूप काही बोलायचं होतं. मी काय तुझा कुणी नाही, असंही ओठांवर आलं होतं. पण माझ्या घरी पाच महिन्यांत तिच्याकडे बसायला एकही माणूस आला नव्हता. मी स्वतःसुद्धा दिवसातून दहा मिनिटं बसलो असेन. तिकीट त्याच आठवड्यात काढलं, ती परळला दिनूकडे गेली. पाकीट अजून फ्रिजवर आहे.

आता दिनूला नव्या टॉवरमध्ये सोळाव्या मजल्यावर घर मिळालंय. दोन बेडरूम आहेत, आई हॉलमध्येच झोपते. परवा व्हिडिओ कॉलवर पाहिलं, सकाळी आठला वळकटी कोपऱ्यात आणि परबकाका चहा पीत सतरंजीवर बसलेले. लिफ्ट बंद पडली तर काय, यावर जोरात चर्चा चालली होती. माझ्याकडे कुणाचं फारसं लक्ष नव्हतं, आणि मला ते बरं वाटलं, वाईटही वाटलं.

घर कुठलं, असं मला कुणी विचारलं तर मी अजून नायगाव सांगतो. पण मी इथेच असणार, हे त्या टेकडीखाली मला कळून चुकलं. आई जाताना आपली गादी बांधून ठेवून गेली होती. गेल्या शनिवारी मी तिची पट्टी सोडली, ती जमिनीवर पसरली आणि तिच्यावर झोपलो. रविवारी उजाडल्यावर उठलो, गादी गुंडाळली, पट्टी आवळली, भिंतीला टेकवली आणि मोकळ्या झालेल्या जागेत बसून राहिलो. सीमा दारात आली. वळकटीकडे बघून तिने विचारलं, "कुणी येणार आहे का?"

"नाही," मी म्हटलं.