लीआजींचं पथ्य

टोरांटोत आमच्या शेजारी लीआजी राहतात, चीनहून मुलाकडे आलेल्या. हृदयविकाराच्या झटक्यानंतर दवाखान्यात त्यांना लोणी, चीज बंद करायला सांगितलं. ते तर त्यांनी कधी खाल्लंच नव्हतं. मग आपल्याला बाधलं तरी काय, या धास्तीने त्यांनी जेवणच सोडत आणलं.

आज तपासणीला त्यांच्या मुलाबरोबर मीही सोबत होते. नवी नर्स त्यांच्याच भाषेत बोलली. मुलाने मला अर्थ सांगितला, "पेज चालेल, वाफवलेला मासाही चालेल. सोया सॉस आणि खारवलेली भाजी तेवढी कमी करा."

"एवढंच?" म्हणत आजी खुदकन हसल्या. माणसाला धीर येतो तो आपल्या स्वयंपाकघरातल्या शब्दांनी, असं वाटून गेलं. संध्याकाळी भिंतीपलीकडून आलं घातलेल्या माशाचा वास आला आणि मलाच कडकडून भूक लागली.